दिवस उगवला की

१३ एप्रिल २००२, गुढीपाडवा

आजपासून मी प्रोसेस प्रमुख. हंबीररावांनी नारळ फोडला, पेढा दिला आणि जुनी खुर्ची काढून हात असलेली दिली. पगार तोच.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. उद्या कंपनीचा इतिहास लिहायची वेळ आली तर साधने हवीत. हंबीररावांची खाली फाउंड्री आहे. मुलाच्या हट्टापायी त्यांनी वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअर कंपनी काढली. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेला, कंपनी राहिली. मी हायस्कुलात संस्कृत शिकवत होतो. पोरे संस्कृत टाकून कॉम्प्युटर घेऊ लागली. शेवटच्या वर्षी माझ्या वर्गात विद्यार्थ्यांपेक्षा विभक्त्या जास्त होत्या. मग मीही पोरांच्या मागोमाग कॉम्प्युटरकडे आलो. पेन्शन तोंडाशी आली असताना सरकारी पगारावर पाणी सोडले, असे आमची बायको रत्नव्वा म्हणते. मी त्याला काळाची पावले ओळखणे म्हणतो. इथे दोन वर्षे प्रोग्रामची माहितीपुस्तके लिहिली. ती कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही, पण तक्रारही नाही.

हंबीरराव परवा पुण्याला जाऊन आले. परदेशी काम लेव्हलवाल्या कंपन्यांनाच मिळते, असे तिथे त्यांना कोणीतरी सांगितले. आल्या आल्या मला म्हणाले, "सर, ते लेव्हल काय असतंय ते आणा. कागद ट्रॉलीभर लागू द्या, पर आणा."

संकल्प: रोज रोजनिशी लिहिणे. चहा दिवसातून दोनदाच. आणि मुख्य म्हणजे कंपनी व्यक्तिनिरपेक्ष करणे. माणूस येवो, जावो, काम प्रक्रियेने चालले पाहिजे.

१५ एप्रिल

(काल रविवार, म्हणून रोजनिशी नाही. हा अपवाद नियमातच धरावा.)

पहिले व्याख्यान. लेव्हल म्हणजे काय, ते फळ्यावर काढून दाखवले. पाच पायऱ्या. पहिलीवर नुसता गोंधळ: ज्याला जे सुचेल ते तो करतो. तिसरीवर कामाची पद्धत लिहिलेली असते आणि सगळे ती पाळतात. पाचवी म्हणजे जवळजवळ मोक्ष. मी म्हणालो, जन्मतः प्रत्येक कंपनी पहिल्या पायरीवरच असते, संस्काराने वर चढते.

मागून निशा म्हणाली, "सर, जन्मावरनं पायऱ्या लावायचं आमच्या घरात छप्पन सालीच बंद झालंय. कालच जयंती झाली, आज परत चालू करू नका."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा.

निशा मुख्य प्रोग्रामर. कंपनीतले जवळजवळ सगळे प्रोग्राम तिनेच लिहिले आहेत. ही फार धोक्याची गोष्ट आहे. उपाय योजावा लागेल.

२४ एप्रिल

इचलकरंजी. शिवाप्पांचे काम मिळाले आहे. त्यांच्या यंत्रमागांच्या शेडी आहेत. कोणत्या पाळीला कोण विणकर होता, कोणत्या मागावर होता, याची हजेरी कॉम्प्युटरने ठेवायची. दसऱ्याला मुहूर्त. हंबीरराव निघताना स्पष्ट बोलले: हे काम जमले तर कंपनी, नाही तर वरच्या मजल्यावर फाउंड्रीचे गोडाऊन.

माझे आडनाव हिरेमठ, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंचे घराणे, हे कळताच शिवाप्पा वाकून नमस्कार करते झाले. "स्वामी तुम्ही. आमच्या शेडला पाय लागलं."

प्रक्रियेनुसार मी प्रश्नावली काढली. मागांचा खडखडाट असा, की प्रत्येक प्रश्न ओरडून विचारावा लागला.

"आपला दिवस केव्हा सुरू होतो?"

"आँ?"

"दिवस! दिवस केव्हा सुरू होतो?"

"दिवस उगवला की!"

शब्दशः उतरवून घेतले. निशा बरोबर होती. तिला मध्येच विचारायचे होते, पाळी किती वाजता बदलते म्हणून. प्रश्नावलीत नसलेला प्रश्न. तिला थांबवले. असेच गोंधळ होतात.

१० मे

कंपनीच्या कार्यपद्धतीच्या मॅन्युअलचा पहिला खंड, 'व्याख्याकोश', पूर्ण. कोणत्याही शास्त्राचा आरंभ व्याख्येने होतो. 'दिवस' या शब्दापाशी थोडा वेळ थांबलो. इंग्रजांचा दिवस मध्यरात्री बदलतो. चोरांखेरीज त्या वेळी कोणी जागे नसते. आपला दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत. त्यातून ग्राहकानेच 'उगवला की' म्हटले आहे. शास्त्र आणि ग्राहक एकाच मुद्द्यावर एकत्र येण्याचा प्रसंग विरळा. लिहिले: दिवस म्हणजे सूर्योदयापासून पुढील सूर्योदयापर्यंतचा काल.

खंड शिवाप्पांच्या सहीसाठी पाठवला. ज्ञानू घेऊन गेला. (ज्ञानू आमचा टेस्टर. प्रोग्राम चालवून पाहणे हे त्याचे काम. तो ते मोटारसायकल तपासल्यासारखे करतो, कान लावून.) शिवाप्पांनी न उघडता सही केली. "स्वामींनी लिवलंय म्हंजे बरोबरच असणार," असे म्हणाले.

याला म्हणतात ग्राहकाचा विश्वास.

१७ जून

मॅन्युअल आता चार खंड. चहा पाच कप. लेखन करणाऱ्याला सवलत असावी.

निशा व्याख्याकोश घेऊन आली. वाचला, हे कौतुकास्पद. पण म्हणाली, "सर, दिवस उगवला की म्हंजे पाळी सुटली की, असं म्हणालेत ते. सकाळी सातला पाळी बदलती. वर्षभर सातलाच. तुमचा सूर्य काय सातला उगवतोय व्हय रोज?"

मी म्हणालो, ग्राहकाची सही आहे.

"ग्राहकानं तुमच्या पाया पडून सही केलीया. वाचून न्हाय."

मी तिला बदल-नियंत्रण समितीकडे रीतसर विनंती करायला सांगितले. समितीत हंबीरराव आणि मी. सही केलेली व्याख्या बदलायला दोघांची संमती लागते. हंबीरराव सध्या कसल्याशा सोसायटीच्या निवडणुकीत आहेत, तेव्हा बैठक त्यांच्या निकालानंतर.

२९ जून

निशाची विनंती प्रलंबित. तोवर तिने व्याख्येप्रमाणे काम केले, हे नमूद करण्याजोगे. भिंतीवरचे कॅलेंडर काढून घेतले आणि इचलकरंजीसाठी वर्षभराचे सूर्योदय प्रोग्राममध्ये भरले. काम सुरेख आहे. जाता जाता म्हणाली, "ढग आलं तर काय करायचं, ते बी लिवून द्या सर."

सूचना रास्त. 'मेघाच्छादित दिवस' हे परिशिष्ट लिहायला घेतले. गगनबावड्याकडे एखादे काम मिळाले तर फार उपयोगी पडेल.

घरी रत्नव्वाला वाचून दाखवले. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "अय्य, ढग आलं तर शाळा भरत न्हवती व्हय तुमची?"

२ ऑगस्ट

शिवाप्पांकडे प्रोग्रामची पहिली चाचणी. ज्ञानू तीन दिवस तिथे राहून आला. अहवाल तोंडी दिला, मी लेखी मागितला, तो तोंडीच देत राहिला.

झाले असे. सध्या सूर्य उगवतो सव्वासहाच्या सुमारास, रात्रपाळी सुटते सातला. मधला वेळ प्रोग्रामने व्याख्येनुसार नव्या दिवसाच्या दिवसपाळीत धरला. परिणामी रात्रपाळीचा प्रत्येक विणकर दिवसपाळीलाही हजर. बाळासो नावाचा एक इसम तर अहोरात्र मागावर उभा दिसतो. ज्ञानू म्हणाला, "कागद भिंतीला लावलाय, सगळी शेड हसतीया. बाळासोची बायको डबा घिऊन आलती. म्हंती, ह्यो रात्रंदिस हितं हाय, तर माझ्या घरात दुपारी घोरतंय ते कोण?"

मी शांतपणे तपासले. प्रोग्राम व्याख्येनुसार अचूक आहे. विसंगती शेडच्या पाळीत आहे.

शिवाप्पांना फोन करून सुचवले, की पाळी सूर्योदयाला बदलल्यास प्रश्न मुळातून सुटेल. मग ते कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मला कन्नड येते. नोंद करत नाही.

५ ऑगस्ट

निशा म्हणते, एका ओळीचे काम आहे. सूर्योदय काढायचा, सात लिहायचे, चहा यायच्या आत होते. मी म्हणालो, प्रश्न ओळीचा नाही, पद्धतीचा आहे. आज एक ओळ परवानगीशिवाय बदलली तर उद्या दुसरी बदलाल.

"उद्या दुसरी चुकलेली असली तर बदलायलाच लागंल की, सर."

हिला युक्तिवादाची शिस्त नाही. हंबीररावांना गाठायला फाउंड्रीत उतरलो. निवडणूक हरले आहेत. कोणाच्याच विनंतीचा विचार करण्याच्या मनःस्थितीत नाहीत. "तुमच्या समितीचं ते तुम्ही बगा," म्हणाले. पण दोघांची संमती हवी, हे मीच लिहिलेले. एकट्याने सही करणे हा माझ्याच नियमाचा भंग होईल. परत वर आलो.

२३ सप्टेंबर

परीक्षण. लेव्हल ठरवायला चेन्नईहून एक परीक्षक आले. शांत गृहस्थ, मराठी येत नाही. मी महिनाभर सगळ्यांची तयारी करून घेतली होती: काही विचारले तर घाबरायचे नाही, आत्मविश्वासाने उत्तर द्यायचे.

ज्ञानूपासून सुरुवात झाली. परीक्षकांनी इंग्रजीत विचारले, तपासणीची लेखी पद्धत आहे का?

ज्ञानू आत्मविश्वासाने म्हणाला, "हाय की!"

बदलांच्या नोंदी? "हाय की!" पद्धतीचे प्रशिक्षण? "हाय की!"

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिले आणि म्हणाले, सगळ्याला की आहे म्हणता, मग ती की दाखवा. ज्ञानूने माझ्याकडे पाहिले, खिशात हात घातला आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. मी खुलासा करायला उठेपर्यंत गृहस्थ कपाट उघडते झाले.

आत मॅन्युअलचे सातही खंड, प्रत्येकी दहा प्रती. छापखान्यातून आल्या तशा प्लॅस्टिकच्या वेष्टनात. त्यांच्यापुढे ज्ञानूचे हेल्मेट आणि कांदा-लसूण चटणीची बरणी.

परीक्षक वेष्टनावर बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. माझ्या मते प्रभावित झाले. इतके नीट जपलेले मॅन्युअल त्यांनी क्वचितच पाहिले असावे. जेवणात तांबडा रस्सा अजिबात घेतला नाही, पांढऱ्यावरच भागवले. माणूस संयमी आहे.

१ ऑक्टोबर

निशाने राजीनामा दिला.

शिवाप्पांनी तिला परस्पर विचारले म्हणे: "तुमची कंपनी ऱ्हाऊ दे बाजूला. तू एकटी करतीस काय?" ती म्हणाली, करते. इचलकरंजीत गाळा बघितला आहे. वडील केरबा सूतगिरणीत होते, त्यांचा मुळीच विरोध नाही. आई मीनाबाई तेवढ्या रडल्या, असे ज्ञानू सांगतो.

मी तिला विचारले, मी काही चुकलो का? म्हणजे प्रक्रियेच्या दृष्टीने विचारले. सोडून जाणाऱ्याचे मत घ्यावे, असा पाचव्या खंडात नियम आहे. तिने माझ्या हातातला फॉर्म घेऊन वाचला. मग म्हणाली, "सर, तुम्ही मला एकदा बी विचारलं न्हाय, की तुला काय वाटतंय. आज विचारलासा, त्यो बी फॉर्ममधला प्रश्न."

'प्रतिसाद समाधानकारक' असे लिहिले.

एका परीने बरे झाले. व्यक्तिनिरपेक्षतेची ही पहिली खरी कसोटी. आता कंपनी माणसावर अवलंबून नाही, हे सिद्ध करता येईल.

४ ऑक्टोबर

निशाचा प्रोग्राम ज्ञानूच्या मशिनवर सुरू होत नाही. ज्ञानू कान लावून बसला आहे.

उरलेल्या दोघा प्रोग्रामरांनीही राजीनामे दिले. एकाला बंगलोर, एकाला सासऱ्याचे मेडिकल.

१५ ऑक्टोबर, दसरा

फाउंड्रीत यंत्रांची पूजा. हंबीररावांनी वरच्या कॉम्प्युटरनाही हळदीकुंकू लावले. कीबोर्डात कुंकू गेले. फरक पडत नाही.

शिवाप्पांचा मुहूर्त आज झाला. आमच्याविना. निशाने नव्याने लिहिलेला प्रोग्राम सकाळी सातला चालू केला. बाळासोची हजेरी एकदाच लागली, म्हणून शेडमध्ये टाळ्या पडल्या. ज्ञानू सुट्टी टाकून बघायला गेला होता. त्याने सुट्टीचा अर्ज भरला नव्हता, ते मी लक्षात आणून दिले.

हंबीरराव पूजेनंतर वर आले. इकडेतिकडे बघितले. मग भिंतीला हात लावून म्हणाले, "सर, तुमी मन लावून केलासा, मी न्हाय म्हणत न्हाय. पर पहिल्या तारखेपासनं हितं ओतकामाच्या साच्याचं लाकडी पॅटर्न ठेवायचं म्हंतोय. ओल लागतीया खाली."

मी म्हणालो, परीक्षणाचा निकाल अजून यायचा आहे.

"यिऊ द्या की. पॅटर्नला काय अडचण हाय त्येची?"

२६ ऑक्टोबर

निकाल आला. पहिली पायरी.

रत्नव्वाने विचारले, पहिली म्हणजे पहिला नंबर का? मी 'एका अर्थाने' म्हणालो. तिने शेजारी साखर वाटली. आता खुलासा करणे म्हणजे वाटलेली साखर परत मागण्यासारखे.

६ नोव्हेंबर

इचलकरंजीला गेलो. सहज. दिवाळीच्या दिवसांत कोणाकडे तरी जायचेच असते.

शिवाप्पा दारातच भेटले. "या पावणं," म्हणाले. मागच्या खेपेला स्वामी होतो.

निशाचा गाळा शेडीच्या अंगाला. एक टेबल, दोन मशिन, खिडकीतून मागांचा खडखडाट. तिने खुर्ची पुसून दिली, स्वतः स्टुलावर बसली. प्रोग्राम दाखवला. मी पाच मिनिटे बारकाईने पाहिला. दोष सापडला नाही. अजून तीन शेडवाल्यांनी विचारले आहे म्हणे.

मग ती म्हणाली, "सर, एक काम हाय. विणकर स्वतः हजेरी लावत्यात आता. त्यांच्यासाठी साधी पानं पाहिजेत मराठीत. कुठलं बटन, काय चुकलं तर काय करायचं. तुमची भाषा चांगली हाय. जरा खाली आणायची. पगार हंबीररावांएवढा न्हाय जमायचा, पर महिन्याच्या महिन्याला दीन. येतासा?"

खिडकीबाहेर रत्नव्वा दिसल्याचा भास झाला. वास्तविक सूत वाहणारी बाई होती.

मी म्हणालो, प्रस्ताव विचारार्ह आहे, मात्र त्याचे स्वरूप, व्याप्ती आणि वाचकवर्गाची व्याख्या लेखी मिळाल्यास मी अभ्यास करून कळवीन.

निशाने कपात चहा ओतला. रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

"असू दे सर," म्हणाली. "चा घ्या."

चहा चांगला होता. दिवसातला तो कितवा, ते मोजत नाही.

७ नोव्हेंबर

रत्नव्वाला सगळे सांगितले. तिने फराळाचा डबा उचलून आत ठेवला. मग आतून म्हणाली, "व्हय म्हणून यायला काय झालतं?"

मी म्हणालो, लेखी प्रस्ताव आला की होच म्हणणार आहे.

"ती कशाला धाडंल लेखी? तोंडानं बोलली न्हवं?"

पद्धत समजावून सांगणार होतो. ती शेजारी निघून गेली.

१४ नोव्हेंबर

पत्र नाही. पोस्ट सध्या फार ढिसाळ झाले आहे.

वरचा मजला पॅटर्ननी भरला. माझे टेबल जिन्यापाशी आणले आहे. हंबीरराव म्हणाले, या महिन्यापुरते बसा, मग बघू. 'मग बघू' या शब्दप्रयोगाची व्याख्या विचारली नाही.

निशाला फोन करावा, असा विचार मनात आला. पण मागणी तिची; पाठपुरावा तिनेच करायचा.

१९ नोव्हेंबर

ज्ञानू येऊन गेला. तो निशाकडे लागला आहे. कपाटातली चटणीची बरणी न्यायची राहिली होती.

सहज विचारल्यासारखे करून विचारले, त्या मराठी पानांचे काय झाले?

"ती? ती मीच लिवली की सर. गेल्या रविवारी बसून." खिशातून घडी काढून दाखवली. एकच कागद.

वाचला. 'सातच्या आत आलासा तर निळं बटन. उशीर झाला तर तांबडं. दोन्ही दाबू नका. चुकलं तर घाबरू नका, मॅडमना हाक मारा.'

मी म्हणालो, यात शुद्धलेखनाच्या चुका आहेत, वाक्यरचना ग्राम्य आहे आणि 'हाक मारा' ही काही कार्यपद्धती होत नाही.

"व्हय सर. पर समद्यांस्नी कळतंय."

त्याला जिन्यावर बसवून घेतले आणि कागद लाल पेनने शुद्ध करून दिला. 'आलासा'चे 'आपण उपस्थित झाल्यास' केले. 'दाबू नका'चे 'दाबण्याचे कटाक्षाने टाळावे'. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. चुकलं तर घाबरू नका. यात काही दुरुस्ती सुचली नाही. ती तशीच ठेवली.

ज्ञानूने आभार मानले, बरणी काखेत घेतली आणि मोटारसायकलला किक मारली.

कागद टेबलावरच राहिला. मी वरून हाक मारली, तुझा कागद!

"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," तो खालून ओरडला. "आमी कवाच झेरॉक्स काढून भिंतीला लावलाय."